विक्री संगणकावर, खरेदी तारेला

नांदेड काय आणि लातूर काय, बऱ्यापैकी चालणाऱ्या हॉटेलच्या गल्ल्यावर आता संगणक किंवा टॅबलेट दिसतो. देगलूर नाक्यावरचे बिर्याणीचे हॉटेल असो की गंजगोलाईजवळची खानावळ, वेटर ऑर्डर सांगतो, चिठ्ठी आत स्वयंपाकघरात छापली जाते, गिऱ्हाईक उठण्याच्या आत बिल तयार असते. रात्री मालक घरी बसून मोबाईलवर पाहतो की आज विक्री किती झाली, फुल किती गेल्या, हाफ किती गेल्या, रोख किती आणि ऑनलाइन किती. हे सारे चांगलेच झाले. परंतु त्याच गल्ल्याच्या मागे भिंतीला एक लोखंडी तार टांगलेली असते. तिच्यात किराण्याचे बिल, तेलाच्या एजन्सीचे बिल, मंडईची चिठ्ठी, कोंबडीवाल्याचा कागद, गॅसची पावती असे सगळे ओवलेले असते. महिना संपला की ती तार उतरवून कर सल्लागाराकडे पाठवली जाते. आमचा आक्षेप या तारेला आहे.

या धंद्यासाठी जी सॉफ्टवेअरे विकली जातात, त्यांपैकी बहुतेकांत मालसाठ्याचा आणि खर्चाचा वेगळा भाग असतो. अहमदाबादच्या पेटपूजा कंपनीच्या सॉफ्टवेअरात तो आहे, इतरांतही आहे. त्याची रीत सोपी आहे. आलेल्या मालाचे बिल त्यात चढवायचे. एका प्लेटला किती तांदूळ, किती चिकन, किती तेल लागते ते एकदा भरून ठेवायचे. मग बिल छापले गेले की तेवढा माल साठ्यातून आपोआप वजा होतो. आमच्या पाहण्यात अशी हॉटेले आली की जिथे सॉफ्टवेअर विकणाऱ्या मुलाने पाककृती भरून दिल्या, पण खरेदी कोणी चढवलीच नाही. परिणाम असा की पडद्यावर चिकनचा साठा उणे चारशे किलो! मालकांनी हसून तो भाग बंद करून टाकला आणि 'हे आपल्याकडे चालत नाही' असा निकाल दिला. चालत नाही ते यंत्र नव्हे. त्याला अर्धाच हिशेब दिला गेला.

विक्री कळली म्हणजे नफा कळला, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. या धंद्यात कच्चा माल विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत राहावा असे मानतात. बाकीच्यात भाडे, पगार, गॅस, वीज भागून जे उरेल ते मालकाचे. कच्चा माल तीस रुपयांवरून अडतीसवर गेला तरी गल्ल्यात काहीच फरक दिसत नाही, कारण गल्ला विक्रीचा आहे. फरक दिसतो तो सहा महिन्यांनी, किराणा दुकानदार उधारीसाठी माणूस पाठवतो तेव्हा.

तेलाचेच घ्या. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. सोयाबीनच्या बाजारपेठेसाठी नावाजलेल्या लातुरात याची चर्चा शेतकऱ्याच्या बाजूने झाली, ती व्हायलाच हवी होती. पण तळणाच्या कढईवर तिचा परिणाम काय झाला, हे किती हॉटेलमालकांना आकड्यात सांगता येईल? 'तेल महागले' एवढेच सांगता येते. मेनू कार्डावरचा भाव वाढवावा की नाही, वाढवावा तर दहा रुपये की वीस, हे 'महागले' या शब्दावरून ठरत नाही.

शिवाय डबा हा शब्दच फसवा आहे. बाजारात १५ किलोचा डबा मिळतो आणि १५ लिटरचाही मिळतो. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने १५ लिटरमध्ये वजनाने साधारण साडेतेरा किलोच्या थोडे वर तेल बसते. समजा, मागच्या महिन्यात १५ किलोचा डबा २,१०० रुपयांना आला आणि या महिन्यात एजन्सीवाल्याने १५ लिटरचा २,०५० ला दिला. मालक पन्नास रुपये वाचले म्हणून खूश. प्रत्यक्षात तेल किलोमागे १४० वरून १५० रुपयांवर गेले. खरेदी 'डबा १' अशी चढवली तर संगणकही मालकाइतकाच खूश राहील. म्हणून नोंद स्वयंपाकघराच्या मापात, म्हणजे किलोत झाली पाहिजे. अंड्यांची पेटी २१० ची, ट्रे ३० चा, आणि भाव शेकड्याचा. कांद्याच्या कट्ट्यात बारदानाचे वजन असते. कोथिंबिरीची जुडी पावसाळ्यात वेगळी आणि उन्हाळ्यात वेगळी. ही सर्व मापे पहिल्याच दिवशी एकदा ठरवून घ्यावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला इलाज नाही.

नावांचाही असाच घोळ होतो. आपल्या स्वयंपाकघरात तीन भाषा चालतात. वस्ताद 'हरा धनिया' मागतो, मंडईच्या चिठ्ठीवर 'कोथिंबीर' असते, आणि किराण्याच्या बिलावर नुसते 'धनिया' असले तर ते धणे असतात. चढवणाऱ्याला माहीत नसेल तर कोथिंबिरीच्या खात्यात चारशे ग्रॅमऐवजी पाच किलो धणे जाऊन बसतात. निजामाबादकडून येणाऱ्या मालाचे बिल इंग्रजीत, धर्माबादच्या मिरचीची चिठ्ठी मराठीत, मटणवाल्याचा हिशेब बहुधा तोंडीच. तेव्हा एका वस्तूला एकच नाव, ते वस्तादाला विचारून ठरवलेले, आणि त्याची यादी गल्ल्याजवळ चिकटवलेली, एवढे तरी करावे.

आता कराविषयी. ही गोष्ट कर सल्लागारही सहसा समजावून सांगत नाहीत. १५ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडील बहुतेक हॉटेलांना जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि खरेदीवर भरलेला कर वजा करून मिळत नाही. जे ठोक रकमेच्या योजनेत आहेत, त्यांनाही तो मिळत नाही. याचा सरळ अर्थ असा की खरेदीच्या बिलावरचा कर हा आपला खर्चच आहे. परंतु पुष्कळ सॉफ्टवेअरे कराची रक्कम वेगळ्या रकान्यात घेतात आणि मालाची किंमत कर वगळून धरतात, कारण ती सर्व प्रकारच्या व्यापाऱ्यांसाठी बनलेली असतात. व्यापारी गॅसवर १८ टक्के कर आहे. १९ किलोची टाकी कर सोडून १,५०० रुपयांची धरली तर कर २७० रुपये. महिन्याला चाळीस टाक्या जाळणाऱ्या हॉटेलचे १०,८०० रुपये खर्चात कुठेच दिसणार नाहीत. विकत घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : कर मालाच्या किमतीत मिळवण्याची सोय आहे काय, आणि ती चालू करून द्याल काय?

बिलावर लिहिलेला माल आणि दारात उतरलेला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हॉटेलवाल्याला आम्ही सांगावे असे नाही. तरीही बिल जसेच्या तसे चढवले जाते. सकाळी साडेसहाला कोंबडीवाला येतो तेव्हा मालक झोपलेले असतात आणि मोरीवरचा पोरगा सही करतो. वजन जिवंत पक्ष्याचे होते की साफ केलेल्याचे, हेही कागदावर नसते. दोन किलोचा जिवंत पक्षी कातडी काढून साफ केला की सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान मांस हाती येते. बिर्याणीची पाककृती साफ केलेल्या चिकनची आणि खरेदी जिवंत वजनाची, असे झाले तर महिनाअखेरीस काही क्विंटल चिकन 'चोरीला गेले' असे यंत्र सांगते, आणि बिचाऱ्या वस्तादावर संशय येतो. दारात काटा असावा, वजन बिलावरच पेनाने लिहावे, कमी भरले तर तूट तिथेच लिहून आणणाऱ्याची सही घ्यावी, आणि संगणकात चढवायचा आकडा हा पेनाने लिहिलेला असावा. ज्याने खरेदी केली त्यानेच नोंद करू नये. यात कोणावर अविश्वास नाही. दोन माणसांनी पाहिलेला आकडा दोघांनाही वाचवतो.

आपल्याकडे पुष्कळ हॉटेले भावाभावांच्या किंवा साडू-मेहुण्यांच्या भागीदारीत चालतात. एक मंडईत जातो, दुसरा गल्ल्यावर बसतो. पहिल्याला वाटते गल्ला पुरा दाखवला जात नाही, दुसऱ्याला वाटते खरेदीत काहीतरी आहे. गल्ल्याचा संशय बिल छापणाऱ्या यंत्राने बराच कमी केला. खरेदीचा संशय तसाच राहिला, किंबहुना वाढला, कारण आता एकाचाच हिशेब उघडा पडतो. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, २८२) मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयी आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. हातोहात होणाऱ्या रोख व्यवहाराला त्यात सवलत आहे. मंडईची खरेदी रोखीची असते म्हणून ती लिहायची नाही, असा सोयीचा अर्थ मात्र काहीजण काढताना दिसतात. भागीदाराच्या पैशाने केलेली रोख खरेदी ही दुकानदाराशी रोखीची असली तरी भागीदाराशी हिशेबाचीच असते.

लातूरची गोष्ट थोडी निराळी. लातूर पॅटर्नमुळे बाहेरगावची हजारो मुले तिथे शिकायला राहतात आणि त्यांच्या मेस गल्लोगल्ली चालतात. मेसला ताटागणिक बिल नसते. जूनमध्ये महिन्याचा दर ठरला की तो वर्षभर बदलता येत नाही, मग तूरडाळ कुठेही जावो. म्हणजे ज्या धंद्यात विक्रीचा आकडा आधीच ठरलेला आहे, तिथे सारा नफा-तोटा खरेदीतच आहे. अशा ठिकाणी बिल छापणारे यंत्र फारसे कामाचे नाही आणि खरेदीची नोंद हाच खरा हिशेब आहे. तरी आम्हांला उलटेच चित्र दिसते. मेसवाले म्हणतात, आम्हांला कशाला सॉफ्टवेअर, आमच्याकडे बिलच नाही. आमच्या मते सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे. डाळ, तांदूळ, तेल आणि गॅस या चार वस्तू जरी रोज चढवल्या तरी ऑक्टोबरातच कळेल की जूनचा दर पुरतो की नाही. मार्चमध्ये कळून काय उपयोग?

विकणारे आता सांगू लागले आहेत की मोबाईलने बिलाचा फोटो काढा, यंत्र स्वतः वाचून घेईल. छापील बिलाच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. मंडईतल्या हाताने खरडलेल्या चिठ्ठीच्या बाबतीत नाही. मोठ्या एजन्सींच्या बिलावर चौकोनी क्यूआर कोड असतो (१ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो आवश्यक आहे), तो स्कॅन केला की सगळे बिल चढते असाही एक गैरसमज आहे. त्या कोडात बिलाचा क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, ओळी किती एवढे असते. कोणता माल किती आणि काय भावाने, हे त्यात नसते. तेव्हा माणूस लागणारच. तोही दिवसाला अर्धा-पाऊण तास. टॅली शिकलेल्या, बी.कॉम. झालेल्या मुली आपल्या घराघरांत आहेत. मालकांची स्वतःची मुलगी किंवा सून दुपारी घरी बसून हे काम करू शकते, फोटो पाठवले की पुरे. यासाठी बाहेरचा मुनीम शोधत बसण्याचे कारण नाही.

चहाच्या टपरीने किंवा आठ टेबलांच्या हॉटेलने यातले काही विकत घ्यावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिथे दोनशे पानी वही पुरते. आमचे म्हणणे त्यांच्याविषयी आहे, जे वर्षाची फी भरून बसले आहेत आणि अर्धेच यंत्र वापरत आहेत. त्यांनी तीनशे वस्तूंच्या मागे लागू नये. चिकन, मटण, तांदूळ, तेल, तूप, गॅस, कांदा, दही, पनीर, काजू एवढ्या दहाच वस्तू घ्याव्या. बहुतेक पैसा त्यांतच जातो. शहाजिरे आणि वेलदोडे नंतर पाहता येतील. आणि महिन्याची तुलना रुपयांत न करता आधी किलोत करावी. श्रावणात कोंबडीचा भाव उतरतो तेव्हा खर्च आपोआप कमी दिसतो आणि स्वयंपाकघर नीट चालले आहे असा भास होतो.

एक उपाय आम्ही सुचवतो, तो पैशाचा नाही. व्यापाऱ्याची उधारी फेडताना तारेवरच्या कागदावरून फेडू नये, संगणकातल्या त्याच्या खात्यावरून फेडावी. जे बिल चढले नाही, त्याचे पैसे त्या आठवड्यात नाहीत. एकदा हा नियम कळला की एजन्सीचा माणूस स्वतःच विचारतो, 'सेठ, आमचे बिल चढले का?' ज्या चिठ्ठीला क्रमांक नसतो तिला आपला क्रमांक द्यावा, नाहीतर मूळ चिठ्ठी आणि तिची कार्बन नक्कल दोन्ही चढतात आणि एका मालाचे दोनदा पैसे जातात.

सुरुवात कोणत्याही महिन्याच्या शेवटच्या रात्री करता येईल. हॉटेल बंद झाल्यावर त्या दहा वस्तू मोजाव्यात, आकडे सुरुवातीचा साठा म्हणून भरावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येणाऱ्या पहिल्या चिठ्ठीपासून नोंद धरावी. पुढच्या महिनाअखेरीस पुन्हा मोजावे. मोजताना फोडलेला तेलाचा डबा काट्यावर ठेवून रिकाम्या डब्याचे वजन वजा करावे. 'अर्धा डबा' असे लिहू नये.