बेशुद्ध रोगी आणि ग्लुकोजची बाटली

पेढीवर बसलेला मनुष्य हृदय बंद पडून एकाएकी कोसळला, की आमच्या बाजारपेठेत एक जण तोंडावर पाणी मारतो व दुसरा ग्लुकोजचे पाणी घेऊन धावत येतो. हेतू निर्मळ असतो. परंतु बेशुद्धाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि त्या क्षणी मेंदूस निकड असते ती रक्तप्रवाहाची. १०८ क्रमांकास दूरध्वनी करून छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहणे, हेच तेव्हाचे कर्तव्य होय.

आम्हांस अधिक सांगावयाचे आहे ते पुढचे. हृदय पुन्हा चालू झाले तरी मेंदू लगेच सावरत नाही. रोगी कित्येक दिवस बेशुद्ध राहू शकतो. घरची मंडळी मग विनवितात, “पोटात अन्न नाही, ग्लुकोजची बाटली तरी लावा!” या आग्रहास आमचा स्पष्ट विरोध आहे. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो व ती मुख्यतः साखरेतून मिळवितो, हे खरे. म्हणूनच साखर फार उतरणे त्यास घातक. परंतु प्राणवायूवाचून साखरेचे लॅक्टिक आम्ल होते व पेशींस इजा पोहोचते. हृदय थांबण्यापूर्वी ग्लुकोज दिल्यास मेंदूची हानी वाढते, असे १९७७ साली मायर्स व यामागुची यांना माकडांवरील प्रयोगांत आढळले. (त्या मुक्या जीवांच्या यातनांचे समर्थन आमच्याने होणार नाही, पण त्या मोलाने मिळालेले ज्ञान दुर्लक्षिणेही आम्हांस पटत नाही.) शिवाय अशा आघातात यकृत स्वतःच साठविलेली साखर रक्तात सोडते, आणि मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. चढलेली साखर हानीचे कारण किती व केवळ चिन्ह किती, याचा निर्णय मात्र अद्याप झालेला नाही.

मग इन्शुलिनने ती खाली दाबून ठेवावी काय? तोही हट्ट करून झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नाइस-शुगर’ अभ्यासात अतिदक्षता विभागातील ६,००० हून अधिक रोगी होते. शंभर मिलिलिटर रक्तात साखर ८१ ते १०८ मिलिग्रॅम राखण्याचा यत्न झाला त्यांपैकी २७.५ टक्के ९० दिवसांत दगावले. १८० पर्यंत चालवून घेतली त्यांपैकी २४.९ टक्के. ते सारे हृदय बंद पडलेले नव्हते, हे खरे. पण फिनलंडात २००७ साली तशाच ९० रोग्यांच्या तुलनेतही कडक नियंत्रणाचा लाभ दिसला नाही. म्हणून १८० च्या वर गेल्यास उतरवावी, फार उतरू देऊ नये आणि वारंवार मोजावी, हीच वहिवाट आम्हांस योग्य वाटते.

डॉक्टरांस हे साधावयाचे तर घरच्यांनी खरे सांगितले पाहिजे. आणि येथेच आमचा समाज चुकतो. बाजारातील पत, मुलीची सोयरीक, असल्या भीतीने मधुमेह लपविला जातो. पर्युषणात उपवास करणारा मधुमेही वैद्यकीय सल्ल्यावाचून इन्शुलिन तसेच चालू ठेवतो, आणि रुग्णालयात ना औषध सांगितले जाते ना उपवास. साखर धोकादायकपणे उतरू शकते ती अशाच वेळी.

आमच्या पेढीवर गल्ल्याच्या कप्प्यात प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी असते: रोग कोणता, औषध कोणते व किती वाजता घेतात. गेल्या पर्युषणापासून तीवर उपवास कधी धरला, तेही आम्ही लिहू लागलो आहोत.