दीड कोटींचा दुष्काळ-विमा आणि काबूलची वाट

१/ १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन, म्हैसूर आणि मद्रासकडे पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. त्यानंतर लॉर्ड लिटनच्या सरकारने दुष्काळाविरुद्ध ‘विमा’ जाहीर केला. दरवर्षी दीड कोटी रुपये त्यासाठी राखून ठेवायचे होते. पैसा नव्या करांतून येणार होता, त्यांत व्यापाऱ्यांवरील लायसन्स टॅक्स मुख्य. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेत या कराविरुद्ध दंगल उसळली, गोळीबार झाला. वसुली मात्र थांबली नाही.

२/ हे उत्पन्न दुष्काळ-निवारणाखेरीज कशावरही खर्च होणार नाही, असे वचन होते. नोव्हेंबर १८७८ मध्ये इंग्रजी फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. मार्च १८७९ मध्ये लिटनने स्वतःच्या कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरील आयात-जकात उठवली. लँकेशायरची मागणीच तशी होती. कर चालू राहिला, राखीव रक्कम युद्धखर्चात विरली.

३/ यावर सरकारपक्षाचा बचाव पाहण्याजोगा आहे: स्वतंत्र निधी कधी नव्हताच, ती केवळ अंदाजपत्रकातील शिल्लक होती! हिशेबाच्या भाषेत हे खरे आहे, आणि खरा आरोपही हाच आहे. (कर वसूल करताना ‘शिल्लक’ हा शब्द कोणी उच्चारला नव्हता.)

४/ इंग्रजी अमलाचे कौतुक करणारे येथे १८८० चा दुष्काळ आयोगाचा अहवाल आणि त्यातून आलेली फॅमिन कोडे पुढे करतात. कोडे मोलाची होती, यात वाद नाही. धान्याचे चढते भाव आणि गावे सोडून निघालेली माणसे ही संकटाची चिन्हे त्यांनी अधिकाऱ्यांना ओळखायला शिकवली. पण नियमपुस्तिकेने कोठार भरत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आलेच.

५/ २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४८ ने राज्यांवर प्रतिसाद निधी आणि सौम्यीकरण निधी स्थापण्याचे बंधन घातले. लिटनच्या काळी नसलेली कायद्याची चौकट आता आहे. वाटणी मात्र पाहावी: पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी शंभरातले वीस रुपये सौम्यीकरणाला आणि दहा सज्जतेला दिले. उरलेले सत्तर संकट कोसळल्यानंतरचे, म्हणजे मदत आणि पुनर्बांधणीचे. राज्याच्या अर्थसंकल्पात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तिन्ही आकडे छापले जातात. घोषणेच्या दिवशी वाचला जातो तो फक्त पहिला.