पदवीनंतरची पहिली इयत्ता

बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्या मुलीने “मी नर्सिंगला जाते” असे घरी सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मग इतकी वर्षे शिकलीस कशाला?” मुलाने सांगितले तर घर आणखीच गप्प होते. या प्रश्नामागे दोन समजुती आहेत. परिचर्येला बुद्धी लागत नाही, ही एक. आणि आधीची पदवी वाया जाते, ही दुसरी. दोन्ही तपासून पाहण्यासारख्या आहेत.

डॉक्टर वॉर्डात फेरी मारून जातात. उरलेला दिवस आणि सारी रात्र रुग्णाजवळ असते ती परिचारिका. नाडी वाढली, श्वास बदलला, लघवी कमी झाली, हे प्रथम तिच्याच लक्षात यायला हवे. औषधाच्या मात्रेचा आणि सलाइनच्या थेंबांचा हिशेब तिला करावा लागतो आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी लागते. रसायनशास्त्र शिकलेल्याला द्रावणाचे प्रमाण नवे नसते. गोळ्या अर्ध्यावर का सोडल्या, हे रुग्णाला कसे विचारावे, याची थोडी जाण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला असते. आपल्या हैदराबादेत तर एकाच वॉर्डात तेलुगु, उर्दू, मराठी, कन्नड ऐकू येते. तिथे भाषा शिकलेल्या माणसाची पदवी वाया कशी जाईल?

विद्यानगरातून उस्मानिया विद्यापीठाकडे जाताना दुर्गाबाई देशमुख रुग्णालय लागते. पाटीवरचे आडनाव मराठी वाटते. बाई मूळच्या राजमहेंद्रीच्या. १९५३ साली चिंतामणराव देशमुखांशी त्यांचा विवाह झाला. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगल्यानंतर त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली, पुढे एम.ए. केले, आणि १९४२ साली कायद्याची पदवी घेतली. १९३७ साली मद्रासला त्यांनी आंध्र महिला सभा स्थापली. शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायकांना परीक्षेला बसवणे हे त्यांचे जुने काम. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. त्या मंडळाने १९५८ साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केला. दोन वर्षांत मॅट्रिकपर्यंत पोचून स्त्रियांना परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका होता यावे, हा त्याचा हेतू होता. प्रौढ माणूस रिकाम्या हाताने वर्गात येत नाही, हे त्या योजनेत गृहीत धरले होते.

आज पदवीधराच्या बाबतीत आपण नेमके तेच विसरलो आहोत. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र नसेल तर दार बंद. कला शाखेच्या मुलांना जी.एन.एम.चा तीन वर्षांचा मार्ग आहे. दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे, पण ते नोंदणी झालेल्या परिचारिकांसाठी. म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. झालेली मुलगी मानसशास्त्राचा पहिला धडा पुन्हा गिरवणार, आणि इंग्रजीची पदवीधर पुन्हा इंग्रजीचा पेपर देणार. अमेरिकेत १९१८ साली, महायुद्धाच्या काळात, व्हॅसर कॉलेजात पदवीधर मुलींसाठी उन्हाळी शिबिर भरवून त्यांचा परिचर्येचा अभ्यासक्रम आखूड केला होता. आज तिथे इतर विषयांच्या पदवीधरांसाठी बारा ते अठरा महिन्यांचे स्वतंत्र वर्ग आहेत. आपल्याकडेही उत्तीर्ण झालेल्या विषयांची सूट देऊन असा वर्ग का निघू नये?

यावर आक्षेप येईल, की घाईने शिकवलेली परिचारिका रुग्णाच्या जिवाशी खेळेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून सूट द्यायची ती पुस्तकी विषयांची. वॉर्डातल्या तासांना हात लावू नये. रुग्णाला न दुखवता कुशीवर कसे वळवावे, हे कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीने येत नाही.

आणि हे पदवीधरांनीही ध्यानात ठेवावे. नोकरी मिळत नाही म्हणून, किंवा परदेशाचा व्हिसा लवकर मिळेल म्हणून जो जाईल, तो पहिल्या रात्रपाळीतच कंटाळेल. खासगी दवाखान्यांतले पगार पुष्कळदा तुटपुंजे असतात. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्याच्या परिषदेची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहावे. शेजारच्या बाकावर अठरा वर्षांची मुलगी बसेल आणि चादर ओढण्यात ती तुमच्यापुढे असेल. तिच्याकडून शिकण्याची तयारी हवी. बेडपॅन उचलताना पदवीची आठवण येत असेल तर तो मार्ग आपला नव्हे.

पण ज्याची ही तयारी आहे, त्याला तरी घराने अडवू नये. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगात सुमारे ५९ लाख परिचारिकांची उणीव असल्याचे सांगितले. त्यानंतर करोनाच्या साथीत आपल्यापैकी कितीतरी जणांच्या माणसांजवळ शेवटच्या रात्री घरचे कोणी नव्हते. होती ती फक्त परिचारिका. ती किती शिकली आहे, असे तेव्हा कोणी विचारले नाही. ती चांगली शिकलेली असावी, असे मात्र प्रत्येकालाच वाटत होते.