मुदत आणि विश्वास

एका माणसाने एकाच पदावर किती वर्षे राहावे? अमेरिकेत हा प्रश्न फार जुना आहे. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी दोन मुदती पूर्ण करून १७९७ मध्ये आपखुशीने पद सोडले. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे कोणीही तिसऱ्यांदा अध्यक्ष म्हणून निवडून आला नाही. मग फ्रँकलिन रूझवेल्ट लागोपाठ चार वेळा निवडून आले. त्यानंतर १९५१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली. कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येता येणार नाही, असे ठरले. हा नियम मला योग्य वाटतो. ज्याच्या हुकमतीत सारे सैन्य आहे, त्याने केव्हा जायचे हे त्याच्या मर्जीवर सोडू नये.

पण आमदारांनाही हाच नियम लावावा का? कॅलिफोर्निया राज्याने तो लावून पाहिला. त्या राज्यात काही कायद्यांवर लोकांचे थेट मतदान घेतले जाते. १९९० मध्ये तेथील लोक आमदारांवर नाराज होते. तीच माणसे पुन्हा पुन्हा निवडून येत. विधानसभेचे सभापती विली ब्राउन १९६४ मध्ये प्रथम निवडून आले होते आणि १९८० पासून सभापतिपदावर होते. मत दिले काय आणि न दिले काय, सारखेच, असे अनेकांना वाटू लागले होते. तेव्हा लोकांनी मतदान करून मुदत बांधून दिली. कनिष्ठ सभागृहात सहा वर्षे, वरिष्ठ सभागृहात आठ वर्षे. त्यानंतर त्या सभागृहात पुन्हा जाता येणार नाही.

नवे चेहरे आले, यात शंका नाही. पण कामकाज समजते न समजते तोच आमदाराची जाण्याची वेळ येई. जुने जाणकार उरले ते कोण? सरकारी अधिकारी आणि मोठ्या कंपन्यांचे पगारी प्रतिनिधी! त्यांना कोणी मत दिले नव्हते आणि त्यांना मुदतही नव्हती.

खरी गंमत २००४ मध्ये दिसली. त्या वर्षी राज्याची दोन्ही सभागृहे आणि अमेरिकी संसद मिळून कॅलिफोर्नियात १५३ जागांसाठी निवडणूक झाली. त्यांपैकी एकही जागा एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेली नाही. असे का झाले? मतदारसंघांच्या हद्दी २००१ मध्ये आमदारांनीच आखल्या होत्या. दोन्ही पक्षांनी आपापल्या जागा सुरक्षित करून घेतल्या होत्या. म्हणजे तराजू दुकानदाराचा आणि वजनेही त्यानेच घडवलेली! (मुदत आणि हद्द, हे दोन्ही शब्द तुम्हांला घरचेच वाटतील.) उमेदवार नवा असला, तरी निकाल आधीच ठरलेला होता. मतदाराचा विश्वास उडतो तो येथे.

लोकांनी २००८ मध्ये हद्दी आखण्याचे काम आमदारांकडून काढून घेतले आणि १४ नागरिकांच्या आयोगाकडे दिले. त्यात दोन्ही मोठ्या पक्षांचे पाच-पाच आणि बाकीचे चार सदस्य असतात. २०१० मध्ये संसदेच्या जागाही याच आयोगाकडे आल्या. शिवाय अंतिम लढत पहिल्या दोन उमेदवारांतच व्हावी, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, असाही नियम झाला. २०१२ मध्ये पीट स्टार्क हे चाळीस वर्षे संसदेत बसलेले सदस्य त्यांच्याच पक्षाच्या एका तरुणाकडून हरले. संसद सदस्यांना मुदतीचे बंधन नाही, तरीही मतदारांनी त्यांना घरी पाठवले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या लोकांनी आमदारांची मुदतही सैल केली. आता एकूण बारा वर्षे मिळतात.

मात्र २०२५ मध्ये टेक्सास राज्याने आपल्या पक्षाच्या सोयीसाठी संसदेच्या जागांचा नकाशा बदलला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियानेही लोकांचे मत घेऊन, संसदेच्या जागांपुरता, आयोगाचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला. रागाच्या भरात घेतलेला हा निर्णय मला पटत नाही. टेक्सासमधील डेमोक्रॅट मतदार असो की कॅलिफोर्नियातील रिपब्लिकन मतदार, केंद्रावर जाण्यापूर्वीच त्याला निकाल ठाऊक असेल, तर त्याने रांगेत कशासाठी उभे राहावे?