धंदा कोणाच्या नावावर?



१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत आलेली मराठी माणसे बहुतेक नोकरदारच होती. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक. पण त्यातल्या काहींनी नोकरी सोडून स्वतःचे काहीतरी सुरू करण्याचे धाडस केले. कुणी इंजिनिअरिंग कन्सल्टन्सी काढली, कुणी सॉफ्टवेअर कंपनी, कुणी फार्मसी, कुणी दवाखाना, कुणी किराणा मालाचे दुकान. ही मंडळी आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या मागून आलेले आणि उद्योगात शिरलेले आपल्यापैकी अनेकजण साठीला टेकले आहेत. आणि आपण गेल्यावर या धंद्याचे काय, हा प्रश्न बहुतेक घरांत अजून मोठ्याने विचारलेलाच नाही.

मला याचे नवल वाटते. आरक्षणापासून अंधश्रद्धा निर्मूलनापर्यंत कुठल्याही विषयावर आपली मंडळी रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालतात. पण "तुमची कंपनी पुढे कोण चालवणार?" असे विचारले की "बघू, मुलगा येतोय का ते" एवढ्यावर विषय संपतो. मुलगी असेल तर तिचे नाव त्या वाक्यात क्वचितच येते. आणि "मृत्युपत्र केले आहे का?" असे विचारणे तर अभद्रच समजले जाते.

मी पेशाने संशोधक आहे, वकील किंवा अकाउंटंट नाही. तेव्हा इथे जे लिहिते आहे तो कायदेशीर सल्ला नव्हे. माझा मुद्दा वेगळा आहे. वारशाचा प्रश्न आपण करसल्लागाराकडे ढकलतो, पण मुळात तो मूल्यांचा प्रश्न आहे. समतेबद्दल आपण जे बोलतो ते खरेच मानतो का, याची परीक्षा सभेत होत नाही, ती घरातल्या वाटणीत होते.

पहिली गोष्ट, संपत्तीचा वारसा आणि खुर्चीचा वारसा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण कष्टाने मिळवलेला पैसा मुलांना मिळावा, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण कंपनी म्हणजे केवळ पैसा नाही. तिथे वीस-चाळीस माणसे काम करतात, त्यांची घरे त्यावर चालतात. पुजाऱ्याच्या पोटी जन्माला आला म्हणून पूजेचा अधिकार, हे आपल्याला मान्य नाही. जन्मावरून धंदा ठरवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आपण आयुष्यभर बोललो. मग मालकाच्या पोटी जन्माला आला म्हणून चाळीस माणसांवर हुकूम चालवण्याचा अधिकार, हे आपण इतक्या सहज कसे मान्य करतो?

याबाबत एक सुंदर अभ्यास आहे. बेनेडसेन, नील्सन, पेरेझ-गोन्झालेझ आणि वोल्फेन्झोन या चौघांनी तो २००७ साली क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रसिद्ध केला. डेन्मार्कमधल्या पाच हजारांहून अधिक कंपन्यांत प्रमुख बदलला तेव्हा काय झाले, हे त्यांनी तपासले. अडचण अशी, की कुटुंबातला वारस नेमणाऱ्या आणि बाहेरचा माणूस नेमणाऱ्या कंपन्या मुळातच वेगळ्या असू शकतात. मग तुलना कशी करायची? त्यांनी युक्ती केली. मालकाचे पहिले अपत्य मुलगा की मुलगी, हे निसर्ग ठरवतो, कंपनीचा नफा नाही. आणि पहिला मुलगा असला की खुर्ची घरातच राहण्याची शक्यता बरीच वाढते, असे आकडेवारीत दिसले. डेन्मार्कमध्ये, बरे का! या नैसर्गिक प्रयोगाचा आधार घेऊन त्यांनी निष्कर्ष काढला, की खुर्ची घरात ठेवल्याने कंपनीच्या मालमत्तेवरील परतावा सरासरी किमान चार टक्के-बिंदूंनी घसरतो.

याचा अर्थ मालकांची मुले मंदबुद्धी असतात असा नाही. लायक माणूस शोधायचा आणि शोध फक्त दोन-तीन मुलांत घ्यायचा, तर योग्य माणूस हाती लागण्याची शक्यता कमीच असणार. प्रयोगशाळेत पोस्टडॉक नेमताना असे कुणी केले तर आपण त्याला हसू.

जपान्यांनी यावर स्वतःचा तोडगा काढला. तिथे कर्तबगार माणसाला जावई करून, त्याला आपले आडनाव देऊन धंदा सोपवण्याची जुनी रीत आहे. ज्यांच्या मारुती गाड्या आपण भारतात चालवल्या त्या सुझुकी कंपनीची धुरा कित्येक दशके वाहणारे ओसामु सुझुकी (निधन २०२४) हे जन्माने मात्सुदा होते. संस्थापकांच्या नातीशी लग्न करून ते सुझुकी झाले. आपल्याकडे घरजावई म्हटले की लोक अजून हसतात. अर्थात जपानी रीतीतही मुलीला खुर्ची मिळत नाही, जावयालाच मिळते. तेव्हा त्यांचेही फार कौतुक नको.

आता मुलींकडे येते.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे, आणि तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. बापाने स्वतः मिळवलेल्या मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांचा सारखा हक्क आहे. हे तेव्हापासून आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मात्र मुलीला जन्मसिद्ध वाटा नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो दिला, पण कायदा येण्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला. आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

म्हणजे कायदा आला. पण कायद्याच्या मागोमाग आपल्याकडे हक्कसोडपत्रही आले! मुलींनी सही करायची आणि माहेर टिकवायचे, असा हा सौदा. अमेरिकेतल्या मुलींना तर कॉन्सुलेटमध्ये जाऊन कागदावर शिक्का मारून आणायला सांगतात.

माझ्या वडिलांचा कोल्हापूरजवळ शिरोलीला छोटा फाउंड्रीचा कारखाना होता. २०११ साली ते गेले, मृत्युपत्र न करता. बाराव्याच्या दिवशीच एका नातेवाईकांनी कागद पुढे केला. "तुला तिकडे काय कमी आहे? भावाची ओवाळणी कायमची राहील." मी सही केली नाही. मला पैसे हवे होते म्हणून नव्हे. कुणी मला काही विचारलेच नव्हते, म्हणून. आणि सही करायला मी एकटीच नव्हते, आईचाही कागद तयार होता. साठ वर्षांच्या बाईला स्वतःच्या घरात आश्रित करणारा कागद!

त्याच वेळी भावाची बाजूही खरी होती. पंधरा वर्षे तो भट्टीसमोर उभा होता, घर चालेल एवढ्याच पगारावर. मी तेव्हा पीएच.डी. करत होते आणि नंतर इथे स्थिरावले. त्याला आणि मला समान वाटा हा कायद्याने बरोबर असेल, पण न्याय्य नव्हता. दोन वर्षे लागली. बोलणेही मधे बंद झाले होते. शेवटी बाहेरचा मूल्यमापक बोलावला, भावाच्या कामाची किंमत धरली, फर्मची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, आईचा हिस्सा आईच्याच नावावर ठेवला आणि माझ्या हिश्श्यातला मोठा भाग मी भावाला दिला. दिला, सोडला नाही. या दोन क्रियापदांत फरक आहे, आणि भावालाही तो आता पटतो. यातले सगळे वडील असते तर दोन दुपारींत ठरले असते.

मोठ्या घरांचीही कथा निराळी नाही. धीरूभाई अंबानी २००२ साली मृत्युपत्र न करता गेले. तीन वर्षे वाद गाजला, आणि २००५ मध्ये आईच्या मध्यस्थीने वाटणी झाली. अपत्ये चार, पण उद्योग वाटले गेले ते दोन मुलांत. नुसते लिहून ठेवूनही भागत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या घराण्यात २००९ च्या कौटुंबिक करारपत्राचा अर्थ काय, यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाला मध्यस्थीचा मार्ग सुचवावा लागला. आणि ज्यांचे 'कालनिर्णय' आपण इथेही स्वयंपाकघरात लावतो, त्या जयंत साळगावकरांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले, की शेअर्सना नॉमिनी असला म्हणून तो मालक होत नाही. नॉमिनी हा सांभाळणारा. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्रानेच ठरते. "नॉमिनेशन केले आहे, मृत्युपत्र कशाला?" असे म्हणणारे माझ्या ओळखीत निदान दहाजण आहेत.

अमेरिकेतले खाचखळगे आणखी वेगळे. २०२६ पासून फेडरल इस्टेट टॅक्सची सूट माणशी दीड कोटी डॉलर आहे, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की आपला काही संबंध नाही. पण ओरेगनमध्ये राज्याचा कर दहा लाखांवर आणि मॅसॅच्युसेट्समध्ये वीस लाखांवर सुरू होतो. एक बऱ्यापैकी घर आणि चालता दवाखाना असला की तेवढे सहज होतात. जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल, तर पती-पत्नींमधली अमर्याद सूट विशिष्ट प्रकारच्या ट्रस्टशिवाय मिळत नाही. जो नागरिकही नाही आणि कायद्याने इथला कायम रहिवासीही धरला जात नाही, त्याच्या इथल्या मालमत्तेला सूट आहे अवघी साठ हजार डॉलर. कंपनी एस कॉर्पोरेशन असेल आणि प्रेमापोटी तुम्ही तिचे शेअर्स पुण्याच्या भावाच्या नावावर केले, तर एस दर्जाच जातो, कारण परदेशस्थ परकीय माणूस तिचा थेट भागधारक होऊ शकत नाही. आणि अनेक राज्यांत डॉक्टरांचा दवाखाना डॉक्टर नसलेल्या मुलाच्या मालकीचा होऊच शकत नाही.

जून २०२४ चा कॉनेली खटला तर प्रत्येक भागीदाराने वाचावा. सेंट लुईसमधल्या दोन भावांची बांधकाम साहित्याची कंपनी. एकजण गेला तर कंपनीने विम्याच्या पैशातून त्याचे शेअर्स परत घ्यायचे, असा करार. कंपनीची किंमत दोघांनी दरवर्षी मिळून लिहून ठेवायची, असेही त्यात होते. ती त्यांनी एकदाही लिहिली नाही. एक भाऊ २०१३ मध्ये गेला. विम्याचे तीस लाख डॉलरही कंपनीच्या किमतीत धरायचे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला, आणि जवळजवळ नऊ लाख डॉलरचा जादा कर बसला. दोघे भाऊ एकमेकांवर विश्वास ठेवून होते. कागद मात्र अर्धवट राहिले.

आता आपल्या बायकांनी मृत्युपत्र का करावे, तेही सांगते. भारतातली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि तिला नवरा किंवा मूल नसेल, तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. नारायणीदेवी नावाच्या विधवेला लग्नानंतर तीन महिन्यांत सासरने हाकलले. माहेरने शिकवले, नोकरी करून तिने पैसा जमवला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पैसा सासरच्या वारसांना दिला, कायदा तसा आहे म्हणून. एका कागदाने हे टळले असते. आपल्यापैकी कितीजणींची पुण्या-मुंबईत स्वतःच्या नावावर मालमत्ता आहे?

तर करायचे काय? माझ्या मते पाच गोष्टी.

१. मालकी आणि व्यवस्थापन वेगळे करा. मालकी मुलगा-मुलगी पाहून ठरवू नका, आणि खुर्ची लायकी पाहून द्या. ती मुलगी असेल, पुतण्या असेल किंवा बाहेरचा मॅनेजर असेल.

२. मुलांना विचारा. "यायला आवडेल का?" आणि "नाही" म्हणण्याची खरी मोकळीक द्या. बापाच्या स्वप्नाचे ओझे वाहणारी चाळिशीतली मुले मी पाहिली आहेत.

३. जो काम करतो आणि जो करत नाही, त्यांच्यात फरक करा, पण कारण सांगून आणि किंमत ठरवून. वाटा सारखा नसला तर चालेल, हिशोब उघड हवा.

४. कामगारांना विसरू नका. अमेरिकेत लुई केल्सो यांनी १९५६ मध्ये कर्मचाऱ्यांना कंपनी विकत घेता यावी अशी योजना प्रत्यक्षात आणली, आणि १९७४ च्या कायद्याने तिला चौकट मिळाली. विश्वस्त कल्पनेवर आपण भाषणे ऐकली आहेत. ती अमलात आणण्याचा हा एक मार्ग आहे.

५. दोन्ही देशांतल्या मालमत्तेसाठी दोन्हीकडचे वकील गाठा, कागद करा, आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचा. नाती बदलतात, कायदे बदलतात, कंपनीची किंमत बदलते.

काहीजण म्हणतील, मृत्यूच्या गोष्टी जिवंतपणी कशाला? मला तर वाटते, त्या जिवंतपणीच करता येतात! मुलीला तुम्ही शिकवलेत, स्वतःच्या पायावर उभे केलेत. आता उरलेला एक प्रश्न तिच्यासमोर, तिच्या भावाच्या हजेरीत, जेवणाच्या टेबलावर बोलून टाका. तुमच्या मागे तिच्यापुढे कुणी हक्कसोडपत्र ठेवू नये असे वाटत असेल, तर ते आज फक्त तुम्हीच थांबवू शकता.