हातातील बिनतारी संच : निवड कोणत्या कसोटीवर?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या हाती जो हातसंच आला, त्यात पाच निर्वात नलिका होत्या. त्याचे वजन सुमारे सव्वादोन किलोग्रॅम होते आणि जमिनीवर त्याचा पल्ला दीड किलोमीटरच्या आसपास होता. आज त्याहून कितीतरी समर्थ असा संच खिशात मावतो आणि काही हजार रुपयांत मिळतो. २०१२ साली बाजारात आलेल्या बाओफेंग यूव्ही-५आर या चिनी संचाने ही स्वस्ताई जगभर नेली. पूर्वी ज्या कामास असंख्य सुटे भाग लागत, ते काम आता नखाएवढे संकलित मंडल करते. ज्या विद्यार्थ्याला हौशी रेडिओचा छंद केवळ किमतीमुळे दुर्लभ होता, त्याला हे दार उघडले गेले, ही आनंदाची गोष्ट होय.

तथापि स्वस्त वस्तू निवडताना विवेक अधिक लागतो. वॉकीटॉकी घेणारा ग्राहक बहुधा तीन आकडे पाहतो : किंमत, वॅट आणि खोक्यावर छापलेले किलोमीटर. यांपैकी पहिला आकडा दुय्यम आहे, दुसरा फसवा आहे आणि तिसरा जवळजवळ निरर्थक आहे.

प्रथम किलोमीटरांचा विचार करू. हातसंच ज्या लहरींवर चालतात, त्या प्रायः सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यांना क्षितिजाची मर्यादा पडते. वातावरणात या लहरी किंचित वाकतात, हे धरून एक सोपे गणित करता येते : जमिनीपासून आकाशकाची, म्हणजे अँटेनाची, उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे किलोमीटरमधील रेडिओ-क्षितिज. दीड मीटर उंचीवर संच धरलेल्या माणसाचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर येते. अशी दोन माणसे मोकळ्या सपाट मैदानावर असली, तर मर्यादा १० किलोमीटरची. घरे आणि झाडे मध्ये आली की ती एक-दोन किलोमीटरवरही येते. तोच संच घेऊन एक जण सपाटीपासून ४०० मीटर उंच टेकडीवर चढला, तर त्याचे क्षितिज ८२ किलोमीटरांपर्यंत जाते. संच तोच, वॅट तेच. बदलली ती केवळ उंची. मग खोक्यावरचे किलोमीटर नेमके कोणत्या जागेचे समजावयाचे?

वॅटचेही तसेच आहे. ५ वॅटच्या संचापेक्षा ८ वॅटचा संच दीडपटीहून अधिक जोरदार असेल, असे सामान्य माणसास वाटते. परंतु मोकळ्या अवकाशातही अंतर दुप्पट करावयाचे, तर शक्ती चौपट करावी लागते. रेडिओ हौशी संदेशाची तीव्रता ज्या एककांत सांगतात, त्यांतील एक एकक वाढण्यासही चौपट शक्ती लागते. ५ वरून ८ वॅटवर गेल्याने त्या एककाचा केवळ तिसरा हिस्सा पदरात पडतो. ऐकणाऱ्याच्या कानास तो क्वचितच कळेल. बॅटरी मात्र लवकर संपते आणि संच अधिक तापतो.

याउलट आकाशकावर केलेला अल्प खर्च भरपूर फळ देतो. १४५ मेगॅहर्ट्झ या कंप्रतेच्या लहरीची लांबी सुमारे २ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढा, म्हणजे अर्ध्या मीटरचा आकाशक तिला योग्य. संचासोबत मिळणारा रबरी आवरणाचा आखूड आकाशक सोयीचा खरा, पण पुष्कळशी शक्ती वाया घालवतो. त्याच्या जागी पूर्ण लांबीचा आकाशक बसविला, किंवा सुमारे अर्ध्या मीटरची साधी तार आकाशकाच्या बुडाशी धातूच्या कड्यास जोडून खाली लोंबती सोडली, तरी फरक ध्यानात येतो. महागड्या वॅटांनी जे साधत नाही, ते काही रुपयांच्या तारेने साधते. म्हणून आकाशक काढून बदलता येतो की नाही, हे हौशी चालकाने संच घेताना पाहावे.

आता ज्याविषयी जाहिरात मौन बाळगते, त्या गुणाकडे वळू. तो गुण म्हणजे शुद्धता. प्रेषक ज्या कंप्रतेवर बोलतो, तिच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतांवरही थोडी शक्ती सांडते. १४५ मेगॅहर्ट्झवर बोलणाऱ्याची कुजबूज २९० आणि ४३५ वरही उमटते. ५ वॅटच्या प्रेषकाची अशी सांड मूळ शक्तीच्या एक लाखाव्या भागापेक्षा अधिक असू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. चांगल्या संचात ती गाळून टाकणारी मंडले असतात. काही अतिस्वस्त संचांत नेमकी तेथेच काटकसर केलेली आढळते. दोष असा, की तो विकत घेणाऱ्यास कधीच जाणवत नाही. त्याचा आवाज स्वच्छ जातो आणि उपद्रव तिसऱ्याच कोणास होतो. अशा वस्तूची स्वस्ताई खरी नव्हे. किमतीचा उरलेला भाग शेजाऱ्याकडून वसूल केलेला असतो.

काही अनुभवी हौशी यावरून सर्वच स्वस्त संचांचा तिरस्कार करतात. तेही न्याय्य नाही. एकाच नावाचे दोन संच तपासले असता एक दंडकात बसतो आणि दुसरा बसत नाही, असे घडते. उपाय तिरस्काराचा नाही, मोजमापाचा आहे. हौशी मंडळांतील ज्यांच्याजवळ वर्णपटमापक आहे, त्यांनी नवशिक्यांचे संच तपासून द्यावेत. यासारखी दुसरी समाजसेवा त्यांच्या हातून क्वचितच होईल. नवशिक्यानेही खरेदीपूर्वी मंडळात विचारणा करावी.

या सर्वांहून आधीचा प्रश्न परवान्याचा. अनेक स्वस्त संच १३६ ते १७४ मेगॅहर्ट्झ या सबंध पट्ट्यात बोलू शकतात. भारतात हौशींच्या वाट्याला त्यातील केवळ १४४ ते १४६ हा तुकडा आहे. उरलेल्या पट्ट्यात इतरांची कामे चालतात. समुद्रावरील जहाजांची संकटवाहिनी, १५६.८ मेगॅहर्ट्झ, तेथेच आहे. अजाण हाताने दाबलेली एक कळ बुडत्याची हाक झाकू शकते. संच बोलू शकतो म्हणून त्याच्या मालकास बोलण्याचा अधिकार मिळतो, असे नव्हे.

ज्याला परीक्षा द्यावयाची नाही, केवळ सहलीत सोबत्यांशी बोलावयाचे आहे, त्याच्यासाठी २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगॅहर्ट्झ हा अल्पशक्तीचा पट्टा परवानामुक्त केला आहे. त्याने याच पट्ट्यापुरता मर्यादित आणि शासनाची प्रकारमान्यता असलेला संच घ्यावा. परवाना लागणारे संच तसे न सांगताच विकले जात असल्याचे आढळून आल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली विक्रीमंचांना नोटिसा दिल्या आणि मार्गदर्शक तत्त्वेही काढली. तथापि विक्रेत्याने सांगितले नाही म्हणून ग्राहकाचे दायित्व संपत नाही.

ज्याला खरा छंद जोपासावयाचा आहे, त्याने परीक्षा द्यावी. मर्यादित श्रेणीस मोर्स लिपीची अट नाही आणि बारा वर्षांच्या मुलासही बसता येते. परीक्षा हा अडथळा आहे, अशी तक्रार ऐकू येते. वास्तविक विद्युत्शास्त्राची मूलतत्त्वे, लहरींचे वर्तन आणि संभाषणाची शिस्त एवढेच ती मागते. हे ज्ञान नसेल, तर संच हे केवळ खेळणे ठरते. ते असेल, तर त्याच स्वस्त संचावर दूरच्या टेकडीवरील पुनःप्रक्षेपकाद्वारे सबंध जिल्ह्याशी बोलता येते आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८ मेगॅहर्ट्झवर येणारा आवाजही टिपता येतो.

२००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांचे पथक पोर्ट ब्लेअर येथे हौशी केंद्र चालवीत होते. २६ तारखेस त्सुनामी आली, नेहमीचे दळणवळण तुटले आणि या पथकाने अंदमान-निकोबारचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचविले. ते काम हातसंचाचे नव्हते, लघुलहरींवरील मोठ्या संचांचे होते. परंतु संकटात उपयोगी पडला तो अभ्यास, आणि तो अभ्यास लहान संचावरही करता येतो.

तेव्हा निवडीचा क्रम असा असावा : आधी परवाना अथवा परवानामुक्त पट्टा, मग शुद्धता, मग आकाशक, आणि सर्वांत शेवटी वॅट. किंमत या चारही कसोट्यांना उतरलेल्या संचांमध्येच ताडून पाहावी. आकाश कोणा एकाच्या मालकीचे नाही. सार्वजनिक विहिरीवर जाणारा माणूस आपले भांडे घासून नेतो. या सामाईक आकाशात बोलू इच्छिणाऱ्यानेही तेवढी काळजी घ्यावी.