पिकअपचं चाक रुंद करू नका

सप्टेंबर लागला की नाशिक जिल्ह्यात पिकअपला उसंत नसते. भल्या सकाळी शिवारातून टोमॅटोच्या जाळ्या उचलायच्या, पाणंदीतून वाट काढत डांबरी गाठायची आणि लिलाव उरकायच्या आत पिंपळगाव बसवंतला पोचायचं. एकाच फेरीत चिखल, मुरूम, खड्डे आणि मुंबई-आग्रा महामार्ग असं सगळं त्याच चार टायरांखालून जातं. नेमक्या याच दिवसांत टायरच्या दुकानांत एक मागणी वाढलेली दिसते: कंपनीचे टायर काढा, रुंद बसवा. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, चिखलात गाडी रुतणार नाही, शिवाय दिसायलाही गाडी भारदस्त, असा हिशेब त्यामागे असतो. दिसण्याबद्दल मी वाद घालणार नाही. बाकीचा हिशेब मात्र चुकीचा आहे, आणि ज्याचं पोट त्या गाडीच्या भाड्यावर चालतं त्याला तो महागात पडतो. शेतातून मालवाहतूक करणाऱ्या पिकअपला अरुंद टायरच योग्य, असं माझं ठाम मत आहे.

निफाडकडच्या एका टायरवाल्याकडे अलीकडेच अशी एक गाडी पाहिली. पुढची चाकं मडगार्डच्या बाहेर बोटभर आलेली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरचा आतला खांदा मडगार्डच्या अस्तराला लागत होता. तिथलं काळं प्लास्टिक घासून घासून चकचकीत झालं होतं आणि एका कडेला फाटून लोंबत होतं. टायर आणि अस्तर यांच्या फटीत वाळलेली काळी माती विटेसारखी घट्ट बसली होती. ती काढायला टायरवाल्याच्या पोऱ्याला पहार घ्यावी लागली. गाडीमालकाची तक्रार वेगळीच होती: स्टिअरिंग जड झालंय आणि पुढच्या चाकाची बेअरिंग आवाज करतेय. दोन्हींचं कारण त्याच्या डोळ्यांसमोर होतं. रुंद टायर मूळ रिमवर नीट बसत नाही म्हणून बाहेर झुकलेली रिम घेतली, चाकाचा मध्य बेअरिंगपासून लांब गेला आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का आता लांब दांड्याने बेअरिंगवर बसतोय.

मुळात रुंद टायरने जमिनीला जास्त रबर टेकतं ही समजूतच तपासायला हवी. टायर भार पेलतो तो मुख्यतः आतल्या हवेच्या जोरावर. मागच्या एका चाकावर १००० किलो भार आहे आणि टायरमध्ये ५७ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४ किलो दाब आहे असं धरू. मग जमिनीला टेकणारा भाग सुमारे २५० चौरस सेंटीमीटर भरतो, दोन पोस्टकार्डं शेजारी ठेवल्याएवढा. टायर रुंद घेतला आणि हवा तेवढीच ठेवली तर हे क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं; बदलतो तो फक्त आकार. तळ १६ सेंटीमीटर रुंद असेल तर ठसा साडेपंधरा सेंटीमीटर लांब उमटतो. तळ २० सेंटीमीटर केला की ठसा साडेबारावर येतो. टायरच्या भिंतीचा कडकपणा धरला तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण गोष्ट तीच राहते: रुंदीचे पैसे मोजून आपण लांबी गमावतो.

चिखलात लांबीच कामाला येते. चाक चिखलात १० सेंटीमीटर बुडालं असेल तर १६ सेंटीमीटरच्या टायरला समोरचा १६० चौरस सेंटीमीटर चिखल बाजूला सारावा लागतो, २० सेंटीमीटरच्या टायरला २००. म्हणजे दर फुटाला पंचवीस टक्के जास्त चिखल, आणि तोही इंजिनाची ताकद आणि डिझेल खर्चून. लांबट ठसा मात्र एकाच वाटेवरून जातो. पुढच्या भागाने दाबलेल्या मातीवरच मागचा भाग टेकतो, आणि खाचांना मातीत रुतायला जास्त वेळ मिळतो. जमिनीवरून वाहनं कशी चालतात याचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्या एम. जी. बेकर यांनी हे १९५० च्या दशकातच मांडलं होतं: क्षेत्रफळ तेवढंच असेल तर मऊ जमिनीत लांब-अरुंद ठसा रुंद-आखूड ठशापेक्षा सरस. हेच बेकर पुढे चंद्रावर गेलेल्या अमेरिकन रोव्हरच्या कामातही होते.

आपल्याकडचा पुरावा तर रोज डोळ्यांसमोर असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला ६.००-१६ मापाचा टायर होता: जेमतेम सहा इंच रुंद, उंची सुमारे २८ इंच. १९४७ पासून महिंद्रांनी हीच जीप भारतात आणली, आणि पुढे गावोगाव ती सगळीकडे पोचायची ती याच टायरवर. आज ६.००-१६ पाहायचा असेल तर शेजारच्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक पाहा. लहान-मध्यम ट्रॅक्टरला पुढे अजूनही हेच माप येतं, मधोमध उभ्या पट्ट्या असलेलं. नांगरलेल्या रानात दिशा देण्याचं काम ते अरुंद चाकच करतं. आता बोलेरोचा २१५/७५ आर १५ घ्या. त्याची उंची ७०३ मिलिमीटर भरते, म्हणजे जुन्या जीपच्या टायरएवढीच. रुंदी मात्र सहा इंचांवरून साडेआठ इंचांवर गेलेली. आपण आज ज्याला अरुंद म्हणून हिणवतो तो टायर आधीच पुरेसा रुंद आहे.

ऑस्ट्रेलियात गुराढोरांच्या मोठ्या रानांत टोयोटाची लँड क्रुझर ७९ पिकअप चालते. शेतकी कामाच्या साध्या आवृत्तीला पूर्वी ७.५०-१६ यायचा, नंतर २२५/९५ आर १६ आला: उंच, पण अरुंद. जिथे गाडी बंद पडली तर मदत यायला दिवस लागतो, तिथल्या लोकांनी केलेली ही निवड आहे. उंची वाढवून ठसा लांबवायचा आणि रुंदी आटोक्यात ठेवायची. २३५/८५ आर १६ आणि २६५/७५ आर १६ ही दोन मापं शेजारी ठेवली तर उंचीत दोनच मिलिमीटरांचा फरक आहे, रुंदीत मात्र तीस. निवड करायची वेळ आली तर मी पहिलाच घेईन.

आता अरुंद टायरची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण काळ्या रानाची गोष्ट वेगळी आहे. अरुंद टायरचा मोठा फायदा म्हणजे वरचा चिखल कापून तो खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. पाणंदीत खाली मुरूम असेल किंवा एखाद-दोन सरींनी फक्त वरची बोटभर माती ओली झाली असेल, तर हा फायदा हमखास मिळतो. पण चार दिवस झड लागली आणि काळी जमीन हातभर खोल भिजली की खाली घट्ट थरच उरत नाही. पूर्ण भिजलेल्या चिकणमातीत वजन टाकून पकड वाढत नाही. तिथे जमिनीला टेकणाऱ्या क्षेत्रफळालाच किंमत असते. म्हणून तर भाताच्या खाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला केजव्हील लावतात. अशा रानात मागच्या चाकांवर चालणारी, दीड टन माल भरलेली पिकअप रुंद टायरनेही बाहेर निघत नाही. ती नुसती जास्त रुंद खड्डा करते. वाफसा येईपर्यंत गाडी बांधावर थांबवून जाळ्या ट्रॉलीने किंवा डोक्यावरून बाहेर आणणं, याला कोणत्याही टायरचा पर्याय नाही. रुंद टायरचं खरं राज्य वाळूत आणि खोल बर्फात. निफाड-दिंडोरीच्या पिकअपला दोन्ही भेटत नाहीत.

कोरड्या डांबरीवर जोरात ब्रेक लावताना किंवा वळणावर रुंद टायर थोडा सरस ठरतो, हे खरं. पण मालाच्या पिकअपने वळणावर वेग दाखवायचाच नसतो. पावसात कसारा घाट उतरताना तर पारडं अरुंद टायरकडे झुकतं, कारण साचलेलं पाणी बाजूला सारायला त्याला कमी जागा मोकळी करावी लागते आणि चाक पाण्यावर तरंगायची शक्यता कमी होते.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती भाराची. टायरच्या भिंतीवर मापाच्या शेजारी एक दोन-तीन अंकी आकडा असतो. तो भारांक. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. पिकअपच्या मागच्या आसावर माल आणि गाडी मिळून दोन टन आले तर प्रत्येक टायरवर हजार किलो पडतात, म्हणजे १०८ च्या खालचा टायर चालणारच नाही. आणि गंमत नाही, धोका आहे: दुकानात जे रुंद, देखणे टायर मिळतात त्यातले पुष्कळसे एसयूव्हीसाठी बनवलेले असतात. कुटुंबाला सहलीला नेणाऱ्या गाडीसाठी त्यांचा भारांक पुरतो. मालगाडीसाठी बनवलेल्या, जास्त पीआर (प्लाय रेटिंग) असलेल्या अरुंद टायरपेक्षा तो बरेचदा कमीच असतो. म्हणजे टायर दिसायला मोठा, पेलायला लहान. भरल्या गाडीत अशा टायरची भिंत वाकत राहते, तापते आणि भर उन्हात महामार्गावर फुटते. मागचा टायर फुटून कलंडलेली पिकअप आणि रस्ताभर पसरलेला टोमॅटो ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. पण टायर विकत घेताना हा आकडा विचारणारे चालक फार थोडे भेटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माप विचारतात, कंपनी विचारतात, किंमत विचारतात. गाडी ज्यावर उभी राहणार तो आकडा विचारत नाहीत.

उंची वाढवायचा मोहही मालाच्या गाडीत जपूनच करावा. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला की टायर ७०३ वरून ७३३ मिलिमीटरवर जातो, चार टक्क्यांहून थोडा जास्त. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ वर असते. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो. भरल्या गाडीने चढ चढताना, चिखलातून सावकाश निघताना क्लच जास्त वेळ अर्धवट दाबून ठेवावा लागतो आणि त्याची प्लेट लवकर जळते. रिकाम्या, हौसेच्या फोर-बाय-फोरला उंची मानवते. दीड टन वाहणाऱ्या गाडीला कंपनीने दिलेलं मापच बरं.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा स्पष्ट केलं. अपघातानंतर विम्याचा दावा करताना चाक मडगार्डच्या बाहेर आलेलं असलं की पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो.

रुंदीवर जो पैसा जाणार तो नक्षीवर घालावा. काळी माती बारीक खाचांत थापली गेली की टायर लिंपल्यासारखा गुळगुळीत होतो. मग तो रुंद असो वा अरुंद, जागेवर फिरतो. मागच्या चाकांना मोकळ्या, खोल खाचांचे गट्टेदार टायर आणि पुढे उभ्या पट्ट्यांचे, ही ट्रकवाल्यांची जुनी रीत पिकअपलाही लागू पडते. पुढचा टायर दिशा धरतो, मागचा ढकलतो. एका आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन असा संसार मात्र करू नये. खाच १.६ मिलिमीटरवर आली की नियमाने टायर बाद. चिखलात जाणाऱ्याने त्याच्या बऱ्याच आधी बदलावा, कारण डांबरीवर चालून जाणारी नक्षी पाणंदीत केव्हाच संपलेली असते.

हवेबद्दलही एक सवय लागायला हवी. रिकामी गाडी चिखलातून बाहेर काढायची असेल तर मागच्या चाकांची हवा तात्पुरती कमी करावी. ठसा लांबतो आणि अरुंद टायर जिथे कमी पडत होता तिथे पुरा पडतो. पण हे रिकाम्या गाडीत आणि चालण्याच्या वेगात. डांबरीवर येताच, माल चढण्याआधी, हवा पुन्हा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिल्याएवढी भरलीच पाहिजे. सिगारेट लायटरच्या खोबणीवर चालणारा छोटा पंप त्यासाठी गाडीत असावा. कमी हवेवर भार घेऊन महामार्गाला लागणं हे कमी भारांकाच्या टायरएवढंच जिवावरचं आहे.

या हंगामात टायर घेणार असाल तर दुकानातून निघण्याआधी बिलावर माप, भारांक आणि उत्पादनाचा आठवडा लिहून घ्या. भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो: ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलेला टायर नवा म्हणून गळ्यात पडू देऊ नका, आणि पाचवा, म्हणजे स्टेपनीचा टायरही त्याच मापाचा, त्याच भारांकाचा घ्या.